खोटी माझू नाही म्हणते

आमच्या आत्याची नक्कल सगळ्यात सोपी. हनुवटी वर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि समोरचा काहीही सांगत असला तरी त्यावर एकच शब्द: "दाखव." शाळेत मी एवढंच केलं तरी मुलं लोळतात, कारण त्यांच्यातल्या निम्म्यांच्या आयांनी कधी ना कधी तिच्या शेजारी बसून नळ तपासलेत.

तिचं नाव हुंग श्यूलुआन. चांगह्वाच्या समुद्रकाठी आमचं गाव, पुढे कालवांची शेती, मागे नळांचे कारखाने. आत्या शाळा संपल्यासंपल्या कारखान्यात लागली, तपासणीच्या बाकावर. नळ जोडायचा, पाणी सोडायचं, गळतो का बघायचं. बाकीच्या मुली नळ अलगद उघडायच्या, अलगद बंद करायच्या आणि पास करून टाकायच्या. आत्या तो करकचून पिळायची, उलटा फिरवायची, अर्धवट उघडा ठेवून जेवायला जायची. मुकादम एकदा वैतागून म्हणाला, "नळ तपासतेस की सूड उगवतेस?" ती म्हणाली, "घराघरात दोन वर्षांची पोरं असतात, मुकादम. ती काय अलगद उघडणार?"

मग रात्रशाळा, संगणकाचा डिप्लोमा, तैचुंगमध्ये नोकरी आणि एक लग्न. लग्नाबद्दल आमच्या घरात एवढंच बोलतात की तिने नवऱ्यालाही "दाखव" म्हटलं आणि त्याच्याकडे दाखवण्यासारखं काही निघालं नाही. ती गावात परत आली आणि ल्याओ मालकांच्या कंपनीत बसली. कंपनी म्हणजे आमच्या दुकानाच्या वरची खोली. खाली आमचं कालवं घातलेल्या शेवयांचं दुकान, वर संगणक, मध्ये एक लाकडी जिना. वर कोणी आवाज चढवला की खाली गिऱ्हाइकाचा चमचा हवेतच थांबतो. त्यामुळे पुढचं बरंचसं मी स्वतः ऐकलंय, आणि जे ऐकायचं राहिलं ते दुपारी जेवायला खाली आल्यावर त्या लोकांनीच पुन्हा भांडून दाखवलं.

ल्याओ मालक आधी घसा खाकरतात आणि मग म्हणतात, "तसं बघायला गेलं तर." त्यानंतर ते बहुतेक वेळा काहीच म्हणत नाहीत. कोड लिहिणारा ज्वांग बोयू, चांगला हुशार पोरगा, पण त्याचं प्रत्येक वाक्य "बहुतेक"वर येऊन बसतं. "जेवलास का?" "हो, बहुतेक." आत्या त्याला म्हणते, "पोटाला तरी पक्कं विचार."

या कंपनीला यंदा गावच्या समुद्रदेवीने, म्हणजे माझूच्या देवळाने, काम दिलं.

आमच्या गावातली अर्धी माणसं गावात नसतातच. कोणी तैपेत, कोणी ओसाकाला, कोणी जहाजावर. पण कौल मात्र त्यांना इथल्याच माझूचा लागतो. कौल म्हणजे लाकडाच्या दोन चंद्रकोरी, एक बाजू सपाट, एक फुगीर. प्रश्न सांगायचा आणि कोरी देवीसमोर फरशीवर टाकायच्या. एक सपाट आणि एक फुगीर पडली तर देवी हो म्हणाली. दोन्ही फुगीर बाजू वर आल्या तर नाही. आणि दोन्ही सपाट बाजू वर येऊन कोरी पाळण्यासारख्या डुगडुगायला लागल्या तर देवी हसली. हसली म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. तुझा प्रश्नच धड नाही बाबा, नीट विचारून ये, असं ती म्हणते.

तर बेत असा होता, की परगावच्या माणसाने मोबाइलवर नाव, जन्मतारीख आणि प्रश्न लिहायचा. देवळातले सेवेकरी जिनश्वे काका तो मोठ्याने वाचून त्याच्या वतीने कोरी टाकणार, आणि समोरच्या टॅबलेटवर तीनपैकी एक बटण दाबणार: मान डोलावणारं तोंड, रडणारं तोंड किंवा हसणारं तोंड. उत्तर लगेच त्या माणसाच्या मोबाइलवर.

बोयूने मोबाइलवर उघडणारं पान लिहिलं. ते नीट चालतंय का हे बघणं आत्याचं काम. त्यासाठी ती टेस्ट लिहिते. टेस्ट म्हणजे जावास्क्रिप्टमधली न दिसणारी बोटं: पान उघडतात, नाव भरतात, प्रश्न लिहितात, बटण दाबतात, आलेलं उत्तर वाचतात. बोयूने कोडमध्ये एक ओळ इकडची तिकडे केली की त्या सगळ्या पुन्हा पळतात. प्रत्येक वेळी खऱ्या देवळाला विचारायचं म्हटलं असतं तर जिनश्वे काकांचा खांदा पहिल्याच दिवशी निखळला असता. म्हणून देवळाच्या जागी एक नकली सर्व्हर. टेस्ट पळायच्या आधी तो उठतो, पान जे विचारेल त्याला देवळाच्या आवाजात उत्तर देतो आणि टेस्ट संपल्या की झोपतो. समोर देऊळ नाहीच, हे पानाला कळतसुद्धा नाही. कधीकधी आदल्या खेपेचा झोपलेलाच नसायचा आणि नवा त्याच्या जागेवर बसायला बघायचा. मग वरून आत्याचा आवाज यायचा, "खोटीला कोणी जागं ठेवलंय?" आणि खाली एखादं नवखं गिऱ्हाईक दचकायचं. ते सगळे त्या सर्व्हरला खोटी माझू म्हणायचे.

ही खोटी माझू आधी बोयूने लिहिली होती. टेस्ट पळाल्या, भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्या ओळी हिरव्या झाल्या, म्हणजे सगळ्या पास, मालकांनी सगळ्यांसाठी कमी साखरेचा दुधाचा चहा मागवला. आत्याने चहा बाजूला ठेवला आणि खोटीचा कोड उघडला.

"ही नाही कधी म्हणते?"

"म्हणत नाही, बहुतेक."

"आणि हसते कधी?"

"ताई, माझ्या आईने मला लहानपणी माझूच्या ओटीत घातलंय. मानलेला मुलगा आहे मी तिचा. तिच्या नावाने 'नाही' कसं लिहू? बोटंच पुढे जाईनात."

"मग ही माझू कुठली? हा मालकांचा मेहुणा झाला. काहीही विचारा, आपलं हो, हो."

मालकांचा मेहुणा तेव्हा खाली शेवया खात होता. वरून आपलं नाव आलेलं ऐकून तो म्हणाला, "हो, हो."

नक्कल म्हणजे ज्याची करायची त्याचं गोड तेवढं उचलायचं, असं नसतं. त्याचा खोकला, त्याचा खवचटपणा, मध्येच विसरलेलं नाव, सगळं यावं लागतं. नाहीतर ती नक्कल नव्हे, वाढदिवसाचं भाषण. आत्याने खोटी माझू नव्याने लिहिली. आता ती हो म्हणायची, नाही म्हणायची आणि हसायची. कधी उत्तर द्यायला ताटकळवायची, कारण जिनश्वे काका मध्येच पान खायला जातात. कधी गप्पच बसायची. कधी एकच उत्तर दोनदा द्यायची, कारण काकांचं बोट थरथरतं आणि बटण दोनदा दाबलं जातं.

टेस्ट पळाल्या आणि पडदा मिरचीसारखा लाल झाला.

सगळ्यात वाईट दुखणं हसण्याचं निघालं. पानाला फक्त "नाही" ओळखता यायचं. नाही नसेल ते सगळं त्याच्या हिशोबाने हो. म्हणजे देवी हसली तरी मोबाइलवर फटाके फुटायचे आणि लाल अक्षरांत यायचं: माझूने होकार दिला.

"उद्या कोणी विचारणार, ऑपरेशन करून घेऊ का," आत्या म्हणाली. "देवी म्हणणार, नीट विचार. आणि हे म्हणणार, घे करून, वर फटाके."

"पण हसण्यासाठी पानाला मागे प्रश्नावर न्यावं लागेल," बोयू म्हणाला. "सगळी वाटच नवी बांधावी लागेल. वेळ लागेल, बहुतेक."

मालकांकडे वेळ नव्हता. सातवा महिना तोंडावर आला होता. त्या महिन्यात भुतं मोकळी असतात, आमच्याकडे कोणी दुकान उघडत नाही, घर बदलत नाही, आणि ल्याओ मालक तर नवे बूटही घालत नाहीत. त्याआधी पंचांगात एकच चांगला दिवस उरला होता आणि उद्घाटनाचं निमंत्रण छापून झालं होतं. "तसं बघायला गेलं तर," मालक म्हणाले, "हसण्याचं नंतर बघू."

आणि त्या गडबडीत बोयूने एक गोष्ट केली, जी आमच्याच गावातला पोरगा करू शकतो. भिंतीवर ओळीमागून ओळ "माझू: नाही" येत राहिली, ती त्याला बघवेना. म्हणून ज्या यंत्रावर खोटी चालायची त्याच्यासमोर त्याने माझूची बोटभर मूर्ती ठेवली, तीन संत्री ठेवली, धुराचा भोंगा वाजू नये म्हणून विजेवर लुकलुकणारी उदबत्ती लावली आणि माफी मागितली. आत्या आली, तिने बघितलं, एक संत्रं सोलून खाल्लं आणि कामाला लागली.

दुसऱ्याच दिवशी देवळाचे अध्यक्ष को तिंगफा पेरूंची पिशवी घेऊन जिना चढले. अध्यक्षांचा पेट्रोल पंप आहे, पण आवाज देवळाच्या कर्ण्याचा. शेवटचं अक्षर ते असं ओढतात की समुद्रावरच्या होड्यांनाही कळावं. शाळेत आत्याच्या पुढे दोन वर्ग होते, म्हणून तिला अजून "तू" म्हणतात. ते वर पोचले आणि पडद्यासमोर उभे राहिले. माझू: नाही. माझू: हसली. माझू: नाही. माझू: उत्तर नाही. मग त्यांची नजर खाली मूर्तीवर गेली, संत्र्यांवर गेली, उदबत्तीवर गेली.

"इथे कौल कोण देतंय?"

"हं, तसं बघायला गेलं तर," मालक म्हणाले, "कोणीच देत नाहीये."

"कोणी देत नाही तर ही संत्री कोणाला?"

बोयू भिंतीला चिकटला.

"गावात माझू एक," अध्यक्ष म्हणाले. "आमच्या आज्या-पणज्यांनी समुद्रातून आणलेली. आणि तुम्ही शेवयांच्या दुकानावर दुसरी बसवलीत? आणि ही लोकांना नाही म्हणते?"

"लोकांना नाही, पानाला," आत्या म्हणाली. "इथे माणूस कोणी विचारत नाही. विचारतो तो कोड, उत्तर देतो तोही कोड. देवळात वर्षातून एकदा भूकंपाची तालीम होते ना? भोंगा वाजतो, तुम्ही टेबलाखाली शिरता. म्हणून काय भूकंप झाला?"

"तालमीत भूकंपापुढे कोणी संत्री ठेवत नाही."

खाली दोन-तीन टेबलं हसली. आत्यालाही हसू आलं असणार, तिचा ओठ जरा हलला, पण तिने ते परत आत घेतलं.

"ती संत्री ही चूक झाली," ती म्हणाली. "उचलते. पण नाही म्हणायचं थांबणार नाही."

"मग देऊळ काम काढून घेईल. एक तर हे बंद कर, नाहीतर तिला हो म्हणू दे. देवीच्या नावाने नकार कशाला? लोकं काय म्हणतील?"

अध्यक्ष पेरू तिथेच टाकून उतरले. मालकांनी दार लावून घेतलं, पण ते दार कधीच नीट लागत नाही.

"ताई, तिला फक्त हो म्हणू द्या. उद्घाटनापर्यंत. पडदा हिरवा दिसू द्या. नाहीतर..."

"नाहीतर?"

"तसं बघायला गेलं तर तुमच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसेल."

"तसं बघू नका, सरळ बघा. मला काढताय?"

"उद्यापर्यंत विचार करा."

"झाला विचार. नाही."

त्या दिवशी दुपारी ती जेवायला खाली आली तेव्हा बाबांनी वाडगं जरा जोरातच आदळलं. बाबा तिचे धाकटे भाऊ. "ताई, एकदा हो म्हटलं तर काय जीभ झडेल? या गावात दुसरी कंपनी कुठे आहे? तैचुंगला तुझ्या वयाच्या बाईला कोण घेणार? परत नळांच्या बाकावर बसशील?"

"नळाने मला कधी सांगितलं नाही, गळत असलो तरी पास कर म्हणून."

"पण हसण्याचं एवढं काय घेऊन बसलीस? हो आणि नाही एवढं पुरे आहे लोकांना."

आत्याने चमचा खाली ठेवला. "मी रात्रशाळेला जाते म्हटलं तेव्हा आपल्या बाबांनी कौल लावला होता. तू लहान होतास. त्यांनी विचारलं, पोरगी घरी राहिली तर भलंच ना. माझू हसली. मग विचारलं, पोरीच्या जातीला एवढं शिक्षण कशाला, असंच ना. परत हसली. बाबांचे कान लाल. शेवटी त्यांना सरळ विचारावं लागलं, जाऊ देऊ का हिला. तेव्हा कुठे उत्तर आलं. ते पहिलं हसू हो समजून चाललं असतं, तर मी आज कुठे असते ते तूच सांग."

माझ्या बाबांनी तिच्या वाडग्यात जास्तीची कालवं घातली.

मालकांनी दिलेल्या "उद्या"ची आत्याने वाट बघितली नाही. ती स्कूटरवर बसून सरळ देवळात गेली. मालक घाबरून मागे, बोयू मालकांच्या मागे, आणि शेवया संपल्या होत्या म्हणून आम्हीही मागे. अध्यक्ष ओट्यावर बायकांबरोबर देवीपुढे जाळायच्या सोनेरी कागदाच्या घड्या घालत बसले होते.

"तिंगफा," आत्या म्हणाली. चारचौघांत तिने त्यांना नावाने हाक मारलेली कोणी ऐकली नव्हती. "मी तिला हो म्हणायला लावणार नाही. काम काढून घ्यायचं तर घ्या, मालकांना खुर्ची हवी तर त्यांनी घ्यावी. पण कारण मला मालकांकडून नको, तुमच्या तोंडून हवंय, इथे."

"माझं तोंड कशाला? तिलाच विचारू." अध्यक्षांनी गाभाऱ्याकडे हनुवटी केली. "कौल लावू. ती म्हणेल ते."

"लावा. पण मोबाइलवरून. ज्या पानाचं उद्घाटन आहे, त्याच पानावरून."

निमंत्रणावर अध्यक्षांचाच फोटो होता. त्यांनी एका बोटाने प्रश्न लिहिला, एकेक अक्षर कोंबडीने टिपल्यासारखं: ती वरची राहू दे का? मोठ्या प्रश्नाला लागोपाठ तीन होकार लागतात, तसा नियमच आहे. जिनश्वे काकांनी टॅबलेटवरून प्रश्न वाचला, कोरी उदबत्तीवरून फिरवल्या आणि टाकल्या. एक सपाट, एक फुगीर. काकांनी बटण दाबलं. अध्यक्षांच्या हातात फटाके फुटले: माझूने होकार दिला. अध्यक्षांचं तोंड कडू झालं.

काकांनी पुन्हा टाकल्या. दोन्ही सपाट बाजू वर. कोरी फरशीवर डुगडुग डुगडुग करत राहिल्या. कागद घडी घालणाऱ्या बायका एकदम म्हणाल्या, "हसली."

काकांनी बटण दाबलं. अध्यक्षांच्या हातात फटाके फुटले. माझूने होकार दिला.

अध्यक्षांनी फरशीकडे बघितलं, मोबाइलकडे बघितलं, परत फरशीकडे. "काका, बटण चुकलं तुमचं."

"माझं?" काकांनी टॅबलेट उचलून त्यांच्या नाकासमोर धरला. "हे काय तोंड आहे? हसणारं. माझा हात हलतो, डोळे नाही हलत."

मालक पुढे सरकले. खुशीत घसासुद्धा खाकरायला विसरले. "पण तसं बघायला गेलं तर ताई, होच आलंय ना. तुमच्याच बाजूने आलंय. राहू दे म्हणते ती. आता मिटलं, चला."

"हा हो मला नको," आत्या म्हणाली.

"अहो पण तुमच्या बाजूने..."

"कोणाच्याही बाजूने असू दे. ती हो म्हणालीच नाही. ती हसली, सगळ्यांनी बघितलं. खोटं वर माझ्या खोलीत नाहीये, मालक. खोटं यांच्या हातात आहे. फटाके उडवतंय."

अध्यक्ष मोबाइल उलटसुलट करत होते. त्यांचा कर्णा बराच खाली आला. "म्हणजे गेल्या आठवड्यात, चाचणी म्हणून मी सहज विचारलं होतं, तेही..."

"काय विचारलं होतं?"

"ते जाऊ दे."

"पुन्हा अध्यक्षपदाला उभा राहू का," जिनश्वे काका म्हणाले. "चांगली खळखळून हसली होती. मला वाटलं तुम्हाला कळवलं असेल या पानाने."

बायकांनी कागदांत तोंडं खुपसली. कोणी आवाज केला नाही, पण सोनेरी कागदांचा ढीग हलत होता.

आत्या नाही हसली. "हसली म्हणजे प्रश्न धड नव्हता. पुन्हा विचारा. या खेपेला हाताने, आणि जे मनात आहे तेच विचारा."

अध्यक्ष गुडघ्यावर बसले. पंपाच्या गणवेशात, टोपी काढून. मोठ्याने म्हणाले, शेवटचं अक्षर न ओढता, "आई, या बाईच्या यंत्राने तुझ्या नावाने नाही म्हणावं का?"

कोरी पडल्या. दोन्ही फुगीर बाजू वर, जागच्या जागी, जराही न हलता.

नाही.

मालक सुस्कारा सोडायच्या बेतात होते, पण अध्यक्षांकडे बघून त्यांनी तो धरून ठेवला, कारण अध्यक्ष जिंकल्यासारखे दिसत नव्हते. सगळे आत्याकडे बघायला लागले. खरं उत्तर पाहिजे म्हणून तीच हट्टाला पेटली होती, आणि खरं उत्तर तिच्या पायाशी पडलं होतं.

आत्याने हात जोडले, वाकली. "तुझ्या नावाने नाही. बरोबर आहे. मला आधीच कळायला हवं होतं," असं मूर्तीला सांगितलं, जसं एखाद्या मोठ्या बाईला सांगावं, आणि स्कूटरकडे निघाली.

"म्हणजे आता फक्त हो ना, ताई?" मालक मागून.

तिने स्कूटर सुरू केली.

आम्ही पोचलो तेव्हा ती वर पोचलेली होती. या खेपेला अध्यक्षही जिना चढले, त्यांना राहवलं नाही. आत्याने बोटभर मूर्ती दोन्ही हातांनी उचलून बोयूला दिली. "घरी ने, चांगल्या जागी ठेव. इथे तिला कामाला जुंपू नकोस." विजेची उदबत्ती उपटली. मग खुर्चीवर बसली आणि खोटीच्या कोडमध्ये जिथे जिथे माझूचं नाव होतं तिथे तिथे ते काढून दुसरं लिहिलं. टेस्ट पळवल्या.

भिंतीवर ओळी उतरायला लागल्या. श्यूलुआन: नाही. श्यूलुआन: हसली. श्यूलुआन: नाही. श्यूलुआन: उत्तर नाही.

अध्यक्षांनी ओठ हलवत सगळं वाचलं, वरून खाली.

"तिच्या नावाने नाही म्हणायचा हक्क मला नाही," आत्या म्हणाली. "तिने सांगितलं, मी ऐकलं. माझ्या नावाने म्हणायला कोणाचा कौल लावू?"

"तुझ्या नावाने..." अध्यक्षांनी टोपी घातली. "तू शाळेत असल्यापासून म्हणतेस. कोणाला कौल लावला होतास?" ते जिन्यापर्यंत गेले आणि वळले. "ल्याओ, हसणं नीट केल्याशिवाय उद्घाटन नाही. आणि निमंत्रणावरचा माझा फोटोही काढा."

पंचांगातला तो चांगला दिवस असाच गेला. सातवा महिना लागला, भुतं सुटली, आम्ही दुकानासमोर टेबल मांडून त्यांना जेवायला घातलं. मालक त्या महिन्यात तोंड पाडून फिरले, पण खुर्चीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. आत्यानेही काढला नाही, ती त्याच खुर्चीवर बसून बोयूचं डोकं खात होती. त्याने पानाला मागे प्रश्नाकडे नेणारी वाट बांधली. श्यूलुआनने ती तोडली. त्याने पुन्हा बांधली. एकदा तो रडवेला होऊन म्हणाला, "ताई, ही तुमची श्यूलुआन माझूपेक्षा वाईट आहे." आत्या म्हणाली, "असणारच. माझूला दया आहे."

आठव्या महिन्यात उद्घाटन झालं, फारसा गाजावाजा न करता. आत्या वर बसून बघत होती, आम्ही तिच्या खांद्यावरून. पहिला प्रश्न ओसाकाहून आला. कोणी म्हातारी, मूळची बंदरापलीकडच्या वाडीतली. तिने लिहिलं होतं, माझ्यासारखीने आता परत येऊन काय करायचं. तिकडे देवळात काकांनी कोरी टाकल्या आणि हसणारं तोंड दाबलं. फटाके फुटले नाहीत. पानावर आलं: माझू हसली, प्रश्न पुन्हा सरळ विचारा. आणि तिचाच प्रश्न परत तिच्यासमोर उघडला.

मग म्हातारीने आधीचं सगळं पुसलं आणि लिहिलं, मला घरी यायचंय, येऊ का.

बोयू पुढे वाकला. आत्याने पडदा बंद केला.

"अहो ताई, उत्तर?"

"ते त्या दोघींचं," ती म्हणाली आणि जेवायला खाली आली.